नाद कोठून उमटतो?

कंठमण्यावर दोन बोटे ठेवून 'आ' म्हणावे. बोटांना थरथर जाणवते. आता तोंडाची ठेवण जराही न बदलता तोच 'आ' कुजबुजून म्हणावा. थरथर नाहीशी होते. जीभ हलली नाही, ओठ हलले नाहीत, छातीतून वर येणारी हवाही तीच. तरीही एकदा नाद झाला आणि एकदा नुसता श्वास. या प्रयोगाला कोणतेही उपकरण लागत नाही, तो लहान मुलालाही करता येतो. परंतु या दोन उच्चारांत नेमके काय वेगळे घडते, याचा पुरता उलगडा व्हायला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. एवढ्या काळात आवाजाचे घर कधी हृदयात शोधले गेले, कधी मेंदूत, कधी कंठातल्या तारांत, तर कधी मज्जातंतूंत.

त्या शोधाची हकिकत येथे सांगायची आहे. ती वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. आवाजाचे एकच एक ठिकाण शोधणारे वारंवार फसले, आणि वाहत्या श्वासाकडे लक्ष देणारे, साधने अपुरी असूनही, सत्याच्या जवळ पोचले. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. ज्यांचा आवाज आजाराने हिरावून घेतला, त्यांना तो परत मिळेल की नाही हे याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

सुरुवात आपल्याकडच्या शिक्षा आणि प्रातिशाख्य या ग्रंथांपासून करणे योग्य होईल. अभिमानापोटी नव्हे, तर उच्चारक्रियेवरचे इतके जुने आणि इतके बारकाईचे लेखन अन्यत्र सापडत नाही म्हणून. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत वेदांच्या निरनिराळ्या शाखांनी आपापला पाठ जपण्यासाठी प्रातिशाख्ये रचली. पाठ मुखातून मुखात जात होता. पोथीतले एखादे अक्षर पुसट झाले तर दुसऱ्या पोथीवरून ते दुरुस्त करता येते; पण गुरूच्या तोंडचा 'द' शिष्याच्या तोंडी 'त' झाला, की पुढच्या पिढीला मूळ ताडून पाहण्यास जागाच उरत नाही. म्हणून बोलताना शरीरात कोठे काय घडते हे शब्दांत पकडून ठेवणे या मंडळींना भाग होते. त्यांच्यापाशी साधने दोनच: कान आणि स्वतःच्या शरीराची जाणीव.

एवढ्या भांडवलावर तैत्तिरीय प्रातिशाख्याच्या कर्त्याने जे सांगितले आहे, त्याचा सारांश असा: कंठ आवळलेला असेल तर नाद होतो, उघडा असेल तर श्वास होतो, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार होतो. नाद हे 'ग', 'द', 'ब' यांसारख्या घोष वर्णांचे द्रव्य, तर श्वास हे 'क', 'त', 'प' यांसारख्या अघोष वर्णांचे. आरंभी केलेल्या बोटांच्या प्रयोगाचा हा निष्कर्षच आहे. शाळेच्या व्याकरणात आपण मृदू-कठोर, अल्पप्राण-महाप्राण असे शब्द घोकले. त्यांतल्या 'प्राण' या शब्दाने श्वासच मोजला जातो आहे, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

पाणिनीय शिक्षेत याच प्रवासाचे आणखी एक चित्र आहे. आत्मा बुद्धीच्या साहाय्याने काय सांगायचे ते गोळा करतो, मनाला बोलण्याच्या इच्छेने प्रवृत्त करतो. मन शरीरातल्या अग्नीला चेतवते, अग्नी वायूला ढकलतो, आणि तो वायू छातीत, कंठात, मस्तकात फिरून अखेर मुखात वर्णांचे रूप घेतो. याच ग्रंथात वाईट पाठकांची जी यादी दिली आहे, तिच्यात गाणे म्हटल्यासारखे म्हणणारा, घाई करणारा, मान हलवणारा यांच्या जोडीला 'अल्पकंठ' म्हणजे ज्याचा कंठ दुबळा आहे असाही एक आहे.

येथे थोडे सावध राहायला हवे. आधुनिक विज्ञानाने जे शोधले ते सारे आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अशा वेळी अनेकांना होतो. तो खरा नाही. या ग्रंथकारांनी कंठ उघडून पाहिला नव्हता; आत दोन पडदे आहेत, ते हवेने थरथरतात, हे त्यांना माहीत नव्हते. शरीरातला अग्नी वायूला ढकलतो हे वर्णन काव्यात्म असले तरी शरीरशास्त्र नव्हे. त्यांचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. आवाज ही एखाद्या अवयवात साठवलेली वस्तू नसून वायूच्या वाटेवर घडणारी घटना आहे, असे त्यांनी मानले. म्हणूनच त्यांनी 'कंठ कसा आहे?' याबरोबर 'त्यातून जाणाऱ्या वाऱ्याचे काय होते?' हाही प्रश्न विचारला.

भूमध्य समुद्राच्या काठी मात्र प्रश्न वेगळा होता: आवाजाचा धनी कोण? स्टोइक तत्त्वज्ञांचा युक्तिवाद असा, की आवाज श्वासनलिकेतून येतो, म्हणजे तो छातीतून येतो. अर्थपूर्ण बोलणे जेथून येते तेथेच विचार असला पाहिजे. म्हणून मनाचे स्थान छातीत, हृदयापाशी आहे. युक्तिवाद सरळ दिसतो. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने तो मोडून काढला, आणि तोही भर सभेत. एका जिवंत डुकराच्या मानेतले दोन केसासारखे बारीक मज्जातंतू त्याने शोधून काढले. डुक्कर किंचाळत होते. तंतू बांधले आणि किंचाळणे थांबले. डुक्कर जिवंत होते, धडपडत होते, श्वास घेत होते. पण आवाज गेला होता. आज हा प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. परंतु मेंदूची आज्ञा मज्जातंतूंच्या वाटेने कंठापर्यंत जाते, हे त्याने उघड दाखवले.

या तंतूंची वाट मोठी विलक्षण आहे. मेंदूकडून निघालेला तंतू मानेतून उतरताना कंठाजवळून जातो, पण तेथे थांबत नाही. डावीकडचा तंतू थेट छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालतो आणि रहाटावरून वळलेल्या दोरासारखा पुन्हा वर येऊन स्वरयंत्राला मिळतो. उजवीकडचा वळसा त्याहून बराच वर आहे. डावा तंतू उजव्याहून लांब, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अठराशे वर्षांनंतरच्या एका वादात ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

गेलनचा हा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याच्या दुसऱ्या प्रयोगाची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. बरगड्यांमधल्या स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू बांधले तरीही जनावराचा आवाज जातो, हे त्याने दाखवले होते. कंठ शाबूत, कंठाचे तंतू शाबूत, तरी आवाज नाही. कारण हवा जोराने बाहेर ढकलणारे बळच गेले. साधा उच्छ्वास वेगळा आणि आवाजासाठी छातीने जोर लावून सोडलेला श्वास वेगळा, हा भेद त्याने केला, आणि हा दुसरा श्वास म्हणजे आवाजाचे द्रव्य होय असे मानले. प्रातिशाख्यकारांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तरी आवाज हा श्वासाचा घडवलेला आकार आहे या एका मुद्द्यावर दोघे येऊन मिळतात.

पुढे चौदाशे वर्षांनी, १५४३ साली, व्हेसेलियसने मानवी शरीराच्या रचनेवरचा आपला प्रख्यात ग्रंथ छापला. गेलनच्या अनेक चुका त्यात दुरुस्त केल्या असल्या तरी डुकराचा प्रयोग कायम आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटी आणखी एक वर्णन आहे: जनावराच्या श्वासनलिकेला भोक पाडून तेथे बोरूची नळी बसवावी आणि तिच्यातून फुंकावे, फुप्फुसे फुगतात आणि मंदावलेले हृदय पुन्हा ठोके देऊ लागते. दुसऱ्याच्या श्वासावर जीव जगवता येतो, हे त्याने सांगून ठेवले. पण त्या भोकातून आतबाहेर करणारी हवा कंठापर्यंत पोचत नाही. असा जीव जगेल, पण गप्प राहील. या दोन गोष्टींचा संबंध माणसांच्या बाबतीत ऐरणीवर यायला अजून चारशे वर्षे होती.

आता आवाजाचे यंत्र कोणत्या जातीचे, असा वाद सुरू झाला. बासरीच्या जातीचे की वीणेच्या? १७४१ साली पॅरिसमध्ये आंत्वान फेरँ याने मृत प्राण्यांची व माणसांची स्वरयंत्रे घेऊन त्यांत हवा फुंकली. स्वरयंत्र वाजले. आतल्या दोन कडा थरथरताना पाहून त्याला गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्याची आठवण झाली. कडा म्हणजे तारा आणि हवा म्हणजे गज, अशी उपमा योजून त्याने त्या कडांना 'कंठाच्या तारा' या अर्थाचे फ्रेंच नाव दिले. प्रयोग उत्तम होता, उपमा सदोष होती. त्या तारा नाहीत. स्नायू आणि मऊ आवरण यांच्या घड्या आहेत, आणि त्या स्वतः तारेसारख्या झंकारत नाहीत. परंतु नाव सुटसुटीत होते, ते युरोपभर रूढ झाले. आपण मराठीत 'स्वरतंतू' किंवा 'स्वररज्जू' म्हणतो, तेव्हा फेरँच्याच वाद्याचा उल्लेख करत असतो. चुकीची उपमा अशी भाषेत घर करून राहते.

फेरँनंतर पन्नास वर्षांनी व्हिएन्नातल्या वोल्फगांग फॉन केंपेलेन याने अधिक व्यवहारी मार्ग धरला. बुद्धिबळ खेळणारा 'तुर्क' नावाचा बनावट पुतळा दाखवून युरोपला थक्क करणारा हाच तो गृहस्थ. पुतळ्याच्या पेटीत माणूस लपलेला असे. पण केंपेलेनचे बोलणारे यंत्र मात्र अस्सल होते. १७९१ साली त्याने त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. फुप्फुसांच्या जागी लोहाराच्या भात्यासारखा भाता, कंठाच्या जागी पेटीतल्यासारखी पत्ती, तोंडाच्या जागी लवचिक पोकळी. एका हाताच्या कोपराने भाता दाबायचा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने तोंडाचे आकार करायचे. यंत्र शब्द आणि छोटी वाक्ये बोले. ते चालवणाऱ्याला एक गोष्ट आपोआप उमगत असणार: भात्यावरचा दाब डळमळला, की पत्ती कितीही चांगली असो, बोलणे बिघडते.

एवढे होऊनही जिवंत, गाणाऱ्या माणसाचा कंठ आतून नीट पाहण्याची रीत कोणाला साधली नव्हती. ती साधली एका गायनशिक्षकाला. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश गवयांच्या विख्यात घराण्यातला. वडील नामांकित गायक, बहिणी मालिब्रान आणि व्हियार्दो युरोपच्या रंगभूमीवर गाजलेल्या. याला मात्र गायक म्हणून यश आले नाही, आणि तो शिक्षक झाला. १८५४ साली पॅरिसमध्ये असताना त्याने दातांच्या वैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत घेतला, तो घशात पडजिभेला टेकवून धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचाच कंठ पाहिला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे निवेदन वाचले गेले. त्याने पाहिले ते असे: श्वास घेताना कंठातले द्वार त्रिकोणी उघडते, आणि सूर लावताना दोन्ही कडा जवळ येऊन ती फट मिटते. त्याचा निष्कर्ष तर अधिकच मोलाचा होता. नाद हा तारांचा झंकार नव्हे. मिटणाऱ्या-उघडणाऱ्या फटीतून हवा एकामागून एक झुळकांनी सुटते, त्या झुळकांचा तो आवाज आहे. पुढे व्हिएन्नातल्या ट्युर्क आणि पेस्टमधल्या चेर्माक या वैद्यांनी तो आरसा रोगनिदानाच्या कामी आणला. गार्सिया १०१ वर्षे जगला आणि १९०६ साली वारला.

याच सुमारास संस्कृत व्याकरण युरोपात पोचत होते. ग्रीक व रोमन वैयाकरणांनी 'ब', 'द', 'ग' यांना 'मधले' वर्ण म्हणून सोडून दिले होते. घोष-अघोष भेद कंठात घडतो हे त्यांना नीट मांडता आले नाही. १६६९ साली इंग्लंडमध्ये विल्यम होल्डर याने तो स्पष्ट सांगितला होता, पण असे लेखक अपवादच. एकोणिसाव्या शतकातल्या ध्वनिशास्त्राला हा भेद पायाभूत मानायला लावण्यात प्रातिशाख्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे आणि तैत्तिरीय शाखेचे प्रातिशाख्य सटीप प्रसिद्ध केले. त्यांना एक गोष्ट मात्र पटेना. नाद आणि श्वास यांच्या मधली अवस्था म्हणजे काय? आवाज एक तर असतो किंवा नसतो, मधले काय असणार, असा त्यांचा आक्षेप होता.

व्हिटनी मोठे विद्वान होते, पण येथे ते चुकले. स्वरयंत्राच्या घड्या पूर्ण न मिटताही थरथरू शकतात. मग नाद आणि निसटता श्वास एकत्र बाहेर पडतात. 'घोडा', 'धान्य', 'भाकरी' यांच्या पहिल्या वर्णांत हेच घडते, आणि मराठीने तर 'म्हैस', 'न्हाणी', 'पाल्हाळ', 'कुऱ्हाड', 'व्हावे' अशा शब्दांत तो प्रकार आणखी पसरवला आहे. इंग्रजी कानाला 'म' आणि 'म्ह' यांतला भेद सहज कळत नाही. मराठी मूल तो नकळत शिकते आणि 'मी' व 'म्ही' यांत कधी गल्लत करत नाही. विसाव्या शतकातल्या उपकरणांनी या मधल्या अवस्थेला पुष्टी दिली आणि प्रातिशाख्यकारांचा कान खरा ठरला.

आवाज कसा होतो हे कळत होते तेव्हाच तो गमावल्याच्या गोष्टीही नोंदल्या जाऊ लागल्या. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात टेओडोर बिलरोट या शल्यविशारदाने कर्करोगग्रस्त रुग्णाचे सबंध स्वरयंत्र काढून टाकले. रुग्ण ३६ वर्षांचा धर्मशिक्षक होता. बोलणे हाच त्याचा व्यवसाय. बिलरोटचा सहायक गुसेनबाउअर याने त्याच्यासाठी धातूची पत्ती बसवलेले कृत्रिम स्वरयंत्र केले. फुप्फुसातला श्वास त्या पत्तीवरून जाई आणि तो माणूस पुन्हा बोले, एकाच पट्टीत का होईना. केंपेलेनच्या भात्याचे आणि पत्तीचे तत्त्व माणसाच्या गळ्यात येऊन बसले. काही महिन्यांत रोग उलटला आणि तो गेला. परंतु कंठ गेला तरी श्वास असेल तर वाणी उभी करता येते, हे सिद्ध झाले.

जर्मनीच्या तिसऱ्या फ्रीडरिशच्या नशिबी तेही नव्हते. १८८७ साली, तो युवराज असताना, त्याच्या कंठातल्या गाठीवरून वैद्यांत वाद पेटला. जर्मन शल्यविशारद शस्त्रक्रिया सुचवत होते. इंग्लंडहून आलेला मॉरेल मॅकेंझी थांबायला सांगत होता, आणि गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत फिरकोला कर्करोग आढळला नव्हता. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडू लागला तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. ९ मार्चला तो सम्राट झाला, तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. ९९ दिवसांचे राज्य त्याने चिठ्ठ्या लिहून केले आणि १५ जूनला त्याचा अंत झाला. 'प्राण कंठाशी येणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. येथे श्वासाची वाट राखण्यासाठी वाणीची वाट सोडून द्यावी लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कंठ कसा चालतो हे ठरल्यासारखे झाले होते. तेवढ्यात १९५० साली राऊल ह्यूसाँ या फ्रेंच संशोधकाने नवा सिद्धान्त मांडला. स्वरयंत्राच्या घड्या हवेने हलत नाहीत. प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून मज्जातंतूवाटे एक स्वतंत्र आज्ञा येते, असे त्याचे म्हणणे. बोलताना पुरुषाच्या स्वरयंत्रात सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे आणि स्त्रीच्या सुमारे दोनशे कंपने होतात. वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेची कंपने हजारापर्यंत जातात. इतक्या आज्ञा मज्जातंतू पोचवू शकेल काय? शिवाय गेलनचा तो लांब डावा तंतू! दोन्ही बाजूंच्या आज्ञा एकाच वेळी निघाल्या तर डावीकडची उशिरा पोचणार आणि दोन घड्या एका तालात कशा हलणार? १९५८ साली नेदरलंड्समधल्या यानविलेम फान डेन बर्ग यांनी या सिद्धान्ताचा निकाल लावला. मेंदू घड्यांना जवळ आणतो, ताण देतो, एवढेच त्याचे काम. पुढचे सारे हवा करते: दाब वाढला की घड्या उघडतात, हवा निसटली की त्यांची लवचिकता आणि वाहत्या हवेचे ओढणे त्यांना पुन्हा मिटवते. शरीराबाहेर काढलेले, मज्जातंतू तुटलेले स्वरयंत्रही फुंकल्यावर वाजते, हे फेरँपासून ठाऊक होते. त्याचा अर्थ आता पुरता लागला.

तरीही भात्याचा प्रश्न उरला होता. अमेरिकेतल्या स्टेट्सन यांनी १९२८ साली असे मांडले होते, की प्रत्येक अक्षरासाठी छातीचे स्नायू एक वेगळा झटका देतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरा येथे पीटर लाडेफोगेड यांनी ड्रेपर व व्हिटरिज या शरीरशास्त्रज्ञांच्या साथीने ते तपासले. श्वसनाच्या स्नायूंत सुयांचे विद्युतग्राहक टोचून आणि अन्ननलिकेतल्या फुग्याने दाब मोजून त्यांनी पाहिले, तर प्रत्येक अक्षराला झटका सापडला नाही. जे सापडले ते अधिक नाजूक होते. दीर्घ श्वास घेतला की ताणलेल्या रबरासारखी फुप्फुसे आपणहून मिटू पाहतात, आणि त्यांचा दाब बोलण्याला लागतो त्यापेक्षा अधिक असतो. म्हणून वाक्याच्या आरंभी श्वास आत घेणारे स्नायूच आवळलेले राहतात. ते लगाम धरतात. हवा कमी होत जाते तसा लगाम सैल होतो, आणि वाक्याच्या शेवटी श्वास बाहेर ढकलणारे बरगड्यांमधले व पोटाचे स्नायू कामाला लागतात. अशा रीतीने स्वरयंत्राखालचा दाब जवळजवळ एकसारखा राहतो. साध्या संभाषणात तो पाण्याच्या पाचदहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढाच असतो.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते अठरा वेळा, दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा आतबाहेर करतो, आणि श्वास-उच्छ्वासाचा वेळ फारसा विषम नसतो. बोलताना हा ताल मोडतो. वाक्यांच्या मध्ये झटकन श्वास घेतला जातो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास वेळ उच्छ्वासात जातो. 'दमसास' हा आपल्या गवयांचा शब्द नेमका या लगामाबद्दल आहे. हवा किती साठवली यापेक्षा ती कशी सोडली याला तेथे महत्त्व असते.

हा लगाम हातातून सुटला की काय होते, हे त्याच दशकात दिसले. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसन लुळे पडलेले ३१ रुग्ण आले, त्यांतले २७ दगावले. त्याआधी, १९२८ पासून, अशा रुग्णांना लोखंडी फुप्फुसात ठेवत. मानेपर्यंत शरीर पेटीत, आणि पेटीतला दाब कमीजास्त करून छाती हलवायची. त्यात रुग्णाला बोलता येई, पण यंत्र श्वास सोडील तेव्हाच. वाक्याला यंत्राची वाट पाहावी लागे. ब्लेगडॅमला अशी साधने मोजकीच होती, आणि कंठच लुळा पडलेल्यांना त्यांचा फारसा उपयोग होत नव्हता. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पुढचे कित्येक महिने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांशेजारी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. व्हेसेलियसच्या बोरूच्या नळीने चारशे वर्षांनी माणसे जगवली.

पण नळी कंठाच्या खाली होती. हवा तेथूनच आत जाई आणि तेथूनच बाहेर पडे. पिशवी दाबणारा आणि ती ज्याच्यासाठी दाबली जाते तो, दोघांत हातभराचे अंतर. एकाच्या हातात दुसऱ्याचा श्वास, आणि तरी त्या दुसऱ्याला एक शब्द उमटवता येत नव्हता. नळी असेपर्यंत श्वासाची ती वाट कंठाला मुकलेलीच राहणार होती.

यावरचा एक साधा उपाय १९८० च्या दशकात आला, आणि तो वैद्याला नव्हे, रुग्णाला सुचला. स्नायूंच्या दुर्धर आजाराने कृत्रिम श्वसनावर अवलंबून असलेल्या डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने नळीच्या तोंडावर बसणारी एकमार्गी झडप कल्पिली. श्वास नळीतून आत येतो. उच्छ्वासाच्या वेळी झडप मिटते, आणि हवेला वर स्वरयंत्राच्या वाटेने जावे लागते. त्यासाठी नळीभोवतीचा फुगा सैल सोडावा लागतो, आणि प्रत्येक रुग्णाला हे झेपतेच असे नाही. ज्यांना झेपते ते मात्र बोलू लागतात. त्यांच्या कंठाला कधी काही झालेलेच नव्हते. त्याला फक्त वारा हवा होता.

२०२० आणि २०२१ सालच्या साथीत 'व्हेंटिलेटर' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. तोंडातून घातलेली ती नळी थेट स्वरयंत्राच्या दोन घड्यांच्या मधून, गार्सियाने आरशात पाहिलेल्या त्याच फटीतून खाली जाते. ती असेपर्यंत घड्या मिटू शकत नाहीत. म्हणून नळी घालण्यापूर्वी कित्येकांनी घरी फोन केले. त्यांतले काही फोन शेवटचे ठरले. जे परत आले, त्यांच्या घरच्यांना नळी निघाल्यावर ऐकू आलेला घोगरा, तुटक आवाज अजून आठवत असेल. दम पुरत नव्हता, चार शब्दांनंतर थांबावे लागत होते. पण श्वास पुन्हा कंठाच्या वाटेने वर येत होता.